माऊस मोनोक्लोनल अँटीबॉडी: बाटली उघडण्यापासून खात्रीच्या बँडपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून बायोटेक, बायोकेमिस्ट्री किंवा पॅथॉलॉजीत संशोधनाला लागलेल्या मुलामुलींच्या हाती येणारी पहिली अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीनलाच चिकटणारं प्रोटीन) बहुतेक वेळा उंदराची मोनोक्लोनल असते, आणि तिनं शोधायचं असतं माणसाचं एखादं प्रोटीन. आपल्याकडे असे विषय साधारण दोन वाटांनी येतात. एक, खानापूरच्या जंगलातल्या एखाद्या वनस्पतीचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकून अमुक प्रोटीन वाढतं का हे बघणं. दुसरी वाट तोंडाच्या कॅन्सरच्या गाठींची. निपाणी हा बिडीच्या तंबाखूचा मुलूख, त्यामुळे या दुसऱ्या विषयाचं इथल्या माणसांशी फार जवळचं नातं आहे.

दोन्ही वाटांवर हमखास भेटणारं प्रोटीन म्हणजे पी५३, पेशीला कॅन्सरकडे जाण्यापासून रोखणारं. म्हणून हा लेख मी त्याच्याच आधारानं लिहितोय, आणि अँटीबॉडी म्हणून डीओ-१ हा जगभर वापरला जाणारा क्लोन धरलाय. तुमचं प्रोटीन वेगळं असलं तरी पायऱ्या त्याच राहतात: आधी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून, हवं ते प्रोटीन अँटीबॉडीनं बँडच्या (पट्ट्याच्या) रूपात दाखवणं, आणि मग गाठीच्या कापावर तेच रंगवून बघणं. मला मुख्यतः सांगायचंय ते हे: डेटाशीटवर (अँटीबॉडीच्या माहितीपत्रकावर) छापलेलं असतं ते कंपनीचं म्हणणं. तुमच्या सॅम्पलमध्ये ही अँटीबॉडी खरोखर तेच प्रोटीन पकडते, हे तुमचं तुम्हालाच दाखवावं लागतं. ग्रँट तुटपुंजी असेल तर बाकी कुठंही काटकसर करा, कंट्रोलमध्ये, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या नमुन्यांत, करू नका.

बाटलीत नेमकं काय असतं

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतली अँटीबॉडी बनवणारी बी-पेशी आणि कधीच न थांबता वाढणारी मायलोमा पेशी एकत्र जोडली. त्या जोडपेशीला हायब्रिडोमा म्हणतात. एका हायब्रिडोमापासून वाढलेली सगळी पेशींची वस्ती एकच, तंतोतंत सारखी अँटीबॉडी बनवते. या कामाला १९८४ चं नोबेल मिळालं. बाटलीवर लिहिलेलं क्लोनचं नाव म्हणजे त्या एका वस्तीचं नाव. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा क्लोनचं नाव महत्त्वाचं. दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर डीओ-१ लिहिलं असेल तर आत तीच अँटीबॉडी असायला हवी.

मोनोक्लोनल प्रोटीनचा एकच छोटा तुकडा ओळखते, त्याला एपिटोप म्हणतात. डीओ-१ चा एपिटोप पी५३ च्या सुरुवातीच्या टोकाला, साधारण २० ते २५ या अमिनो आम्लांवर आहे. एवढ्या एका माहितीतून बऱ्याच गोष्टी कळतात. ही अँटीबॉडी माणसाचं पी५३ ओळखते, उंदराचं ओळखत नाही. सुरुवातीचा भाग नसलेले पी५३ चे आखूड प्रकार तिला दिसत नाहीत. त्याच जागेवरच्या २० व्या सेरीनवर फॉस्फेट बसला तर तिची पकड सैल होते. म्हणजे डीएनएला इजा झालेल्या पेशींमध्ये, जिथं असा फॉस्फेट बसण्याचा संभव असतो, तिथं बँडची जाडी वाचताना हे डोक्यात ठेवायला हवं. डेटाशीटमध्ये एपिटोप दिला नसेल तर निदान इम्युनोजेन (उंदराला टोचलेला प्रोटीनचा भाग) कोणता होता ते शोधा, आणि तेही नसेल तर शक्यतो दुसरा क्लोन बघा.

डेटाशीट वाचताना आयसोटाइपकडेही (अँटीबॉडीच्या जातीकडेही) लक्ष द्या. डीओ-१ ही आयजीजी या अँटीबॉडींच्या गटातली आयजीजी२ए आहे, आणि तिच्या जड व हलक्या साखळ्यांपैकी हलकी साखळी कॅपा. निगेटिव्ह कंट्रोलसाठी लागणारी आयसोटाइप कंट्रोल अँटीबॉडी याच जातीची घ्यावी लागते. आयजीजी१ आणून चालत नाही. शिवाय बफरमध्ये काय आहे ते बघा: सोडियम अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन), ग्लिसरॉल, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन). याचा उपयोग पुढं होईल.

मागवताना आणि आल्यावर

पुणे आणि बेंगळुरू, दोन्हीकडचे वितरक महामार्गानं बेळगावला एका रात्रीत माल पाठवू शकतात. पण शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार एखाद्या गोदामात पडून राहतं आणि आइसपॅकचं पाणी होतं. म्हणून माल सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायला सांगा आणि तसं ऑर्डरवर लिहून घ्या. गणपतीच्या दिवसांत शहरात मिरवणुका आणि वाहतूक बंदी असते, ते दिवस टाळा. आइसपॅक वितळलेला आला तरी घाबरायचं कारण नाही. आयजीजी हे बऱ्यापैकी टिकाऊ प्रोटीन आहे, एखाद-दोन दिवसांच्या उबेनं ते सहसा मरत नाही. पार्सलची स्थिती वहीत लिहा, वितरकाला लगेच ईमेल करा आणि पॉझिटिव्ह कंट्रोलवर चाचणी घेऊन मगच निर्णय घ्या.

बाटली उघडण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करा. १०० मायक्रोलीटरच्या बाटलीत बराच माल झाकणाला चिकटलेला असतो. मग बफर बघून साठवणीचं ठरवा. ५०% ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ती गोठत नाही, तशीच ठेवा, भाग करायची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल आणि उणे २० ला ठेवायची असेल तर १० ते २० मायक्रोलीटरचे भाग करा. त्याहून लहान भाग करू नका, कारण ट्यूबच्या भिंतीला चिकटून वाया जाणारं प्रमाण वाढतं. प्रत्येक ट्यूबवर क्लोन, लॉट नंबर, तारीख आणि तुमची आद्याक्षरं न पुसणाऱ्या पेननं लिहा. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका, ४ अंशांवर ठेवून संपवा.

फ्रीझरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या कॉलेजांत बहुतेक ठिकाणी घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच असतो. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच गरम होतो, आणि त्यात अँटीबॉडी दिवसाकाठी अर्धवट वितळत-गोठत राहते. त्यात पावसाळ्याच्या तोंडाला लाईट जाते ती वेगळीच. उपाय सोपा आहे. पार्सलबरोबर आलेला थर्माकोलचा डबा टाकू नका. त्यात तळाला आणि बाजूंना गोठवलेले जेलपॅक, मधे ट्यूबांचं रॅक, आणि हा सगळा डबा फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात. तीन-चार तास लाईट गेली तरी आतलं तापमान फारसं हलत नाही. डब्यात किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवला तर सुट्टीनंतर आल्यावर काय घडलं ते कळतं.

आधी कंट्रोल जमवा

पी५३ चा पहिला धडा हा की निरोगी पेशीत ते फार थोडं असतं. एमडीएम२ नावाचं प्रोटीन त्याला सतत नष्ट करवत राहतं, पी५३ चं अर्धायुष्य साधारण २० मिनिटांचंच असतं. त्यामुळे नुसत्या एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत बँड फिका येतो. हा दोष अँटीबॉडीचा नाही, जीवशास्त्रच तसं आहे. पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी एमसीएफ-७ ला १ मायक्रोमोलर डॉक्सोरुबिसिन १२ ते २४ तास द्या. डीएनएला इजा झाली की पी५३ साचतं आणि बँड ठळक होतो. हातात ग्लोव्ह्ज दोन-दोन घाला आणि कचरा वेगळा काढा, हे कॅन्सरचं औषध आहे.

निगेटिव्ह कंट्रोल म्हणून पी५३ चं जनुकच गमावलेली पेशी हवी. सॅओस-२ ही हाडाच्या कॅन्सरची पेशी किंवा एच१२९९ ही फुप्फुसाच्या कॅन्सरची पेशी त्यासाठी वापरतात. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. बाहेरून दुसऱ्या लॅबमधून उसन्या आणल्या असतील तर मायकोप्लाझ्माची तपासणी आणि पेशीची ओळख पटवणारी एसटीआर चाचणी केल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. दोन्ही लायसेट (पेशी फोडून मिळालेलं प्रोटीनचं द्रावण) एकदाच भरपूर बनवून, २० मायक्रोलीटरच्या भागांत उणे ८० ला ठेवा. मग प्रत्येक ब्लॉटवर तेच दोन लेन (जेलवरचे उभे रकाने) लावता येतात.

हेला या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशीबद्दल इथंच सांगतो, कारण ती प्रत्येक लॅबमध्ये असते आणि हाताशी आहे म्हणून तिचंच लायसेट लावलं जातं. हेलामध्ये एचपीव्ही-१८ विषाणूचं ई६ प्रोटीन असतं, ते पी५३ ला नष्ट करवतं. हेलात बँड दिसला नाही म्हणून अँटीबॉडी खराब ठरत नाही. पी५३ साठी हेला ना धड पॉझिटिव्ह ना धड निगेटिव्ह.

अँटीबॉडीची खात्री कशी करावी यावर २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं पाच मार्ग मांडले: जनुक बंद करून बघणं, अँटीबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी ताळा, स्वतंत्र दुसरी अँटीबॉडी, टॅग लावलेलं प्रोटीन, आणि पकडलेलं प्रोटीन मास स्पेक्ट्रोमेट्रीनं ओळखणं. लहान लॅबला यातले दोन नक्की झेपतात. जनुक नसलेली पेशी हा पहिला. दुसरा, वेगळा एपिटोप असलेली अँटीबॉडी. इथं एक सापळा आहे. पॅथॉलॉजीत वापरली जाणारी डीओ-७ सहज मिळते, पण तिचा एपिटोप डीओ-१ च्याच जागेवर आहे. दोघी एकच उत्तर देतील, त्यात नवा पुरावा काहीच नाही. त्याऐवजी ४६ ते ५५ या भागावर बसणारी पीएबी-१८०१ किंवा शेपटाकडचा भाग ओळखणारी सशाची अँटीबॉडी घ्या.

लायसेट ते मेंब्रेन

डिश बर्फावर ठेवून थंड पीबीएसनं दोनदा धुवा. रिपा बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) प्रोटीएज इनहिबिटर, म्हणजे पीएमएसएफसारखी प्रोटीन तुटू न देणारी रसायनं, ऐनवेळी घाला. पीएमएसएफ पाण्यात फार टिकत नाही, सकाळी बनवलेलं मिश्रण संध्याकाळी वापरण्यात अर्थ नाही. आणि पीएमएसएफ विषारी आहे, पावडर मोजताना मास्क हवाच. पेशी खरवडून बर्फावर अर्धा तास. पी५३ केंद्रकात, डीएनएला चिकटलेलं असतं, त्यामुळे लायसेट चिकट तारेसारखं झालं तर ते तसंच फिरवू नका. सोनिकेटर नसेल तर इन्सुलिनच्या सिरिंजमधून आठ-दहा वेळा आत-बाहेर ओढा, तार तुटते. मग ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं फिरवून वरचं द्रव घ्या. बीसीएनं प्रोटीन मोजा. लेम्ली बफर घालून ९५ अंशांवर ५ मिनिटं.

१०% जेलवर प्रत्येक लेनमध्ये ३० मायक्रोग्रॅम लावा. मार्कर, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, मग तुमचे सॅम्पल. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, दुपारी तीननंतर जेल लावू नका. वीज नेमकी त्याच वेळी दगा देते, आणि अर्धा तास बंद राहिलेल्या जेलमध्ये बँड पसरून अंधुक होतात. सकाळी नऊला जेल, दुपारच्या जेवणाआधी ट्रान्सफर पूर्ण, संध्याकाळी अँटीबॉडीत टाकून घरी, हे वेळापत्रक इथल्या हवामानाला सोसतं. रात्रभर ४ अंशांवर पडलेल्या मेंब्रेनला लाईटशी फारसं देणंघेणं नसतं.

ट्रान्सफर ओल्या पद्धतीनं, १०० व्होल्टला ७५ ते ९० मिनिटं, टाकी बर्फात. मेंब्रेन पीव्हीडीएफचं असेल तर आधी मेथॅनॉलमध्ये भिजवून घ्या. झाल्यावर पाँसो एस हा सगळी प्रोटीनं दाखवणारा तात्पुरता रंग लावून सगळ्या लेन सारख्या आल्यात का, हवेचा बुडबुडा राहिलाय का ते बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. या एका फोटोनं पुढची निम्मी भांडणं मिटतात.

ब्लॉकिंगला (मेंब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायला) ५% स्किम मिल्क पावडर, ०.१% ट्वीन असलेल्या टीबीएसमध्ये, एक तास. पावडर बाजारातून आणायला हरकत नाही, पण पाकीट नीट वाचा. किराणा दुकानात मिळतं ते बहुतेक चहासाठीचं डेअरी व्हाइटनर असतं, त्यात साखर आणि फॅट घातलेलं असतं. ते चालत नाही. घटकांत फक्त स्निग्धांशरहित दूध भुकटी लिहिलेली हवी.

अँटीबॉडी किती घालायची

डेटाशीट १:२०० ते १:२००० असं काहीतरी मोघम सांगतं. ते तुमच्या लॅबसाठी नेमकं करायचं म्हणजे टायट्रेशन. रुंद विहीर असलेल्या एका जेलमध्ये पॉझिटिव्ह लायसेट सलग लावा, ट्रान्सफर करा, पाँसोच्या आधारानं मेंब्रेनच्या उभ्या पाच पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीला पेन्सिलीनं वरच्या कोपऱ्यात आकडा. १:२५०, १:५००, १:१०००, १:२०००, १:४०००. निगेटिव्ह लायसेटच्या अशाच पाच पट्ट्या बरोबर चालवा. जिथं पॉझिटिव्हमध्ये बँड स्वच्छ आहे आणि निगेटिव्हमध्ये त्या जागी काहीच नाही, ते प्रमाण तुमचं. सर्वांत काळा बँड देणारं प्रमाण सर्वांत चांगलं असतंच असं नाही, बहुधा नसतंच.

हिशोब एकदा करून बघा. अँटीबॉडी मिलीलीटरला २०० मायक्रोग्रॅम असेल तर १:१००० म्हणजे मिलीलीटरला ०.२ मायक्रोग्रॅम. ५ मिलीलीटर द्रावणाला ५ मायक्रोलीटर लागतात, १०० मायक्रोलीटरच्या बाटलीत वीस ब्लॉट. मेंब्रेन लहान असेल तर हे आणखी ताणता येतं. खडेबाजारात प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्या सील करायचं छोटं मशीन मिळतं. मेंब्रेनच्या मापाची पिशवी तीन बाजूंनी सील करा, मेंब्रेन आत सरकवा, २ मिलीलीटर द्रावण घाला, बोटानं हळूच दाबत बुडबुडे वर काढा आणि चौथी बाजू सील करा. बुडबुडा राहिला तर त्या जागी पांढरा गोल डाग येतो. पिशवी ४ अंशांवर रॉकरवर रात्रभर.

वापरलेलं द्रावण पुन्हा वापरायचं असेल तर ते दुधात न बनवता ३% बीएसएमध्ये बनवा, ०.०२% अझाइड घाला आणि ४ अंशांवर ठेवा. दूध नासतं. प्रत्येक वेळी पॉझिटिव्ह लेनकडे बघा, तो फिका होऊ लागला की टाकून द्या. अझाइडबद्दल एक सक्त सूचना: ते प्राथमिक अँटीबॉडीत (इथं डीओ-१) चालतं, कारण नंतर धुतलं जातं. प्राथमिक अँटीबॉडीला चिकटणाऱ्या, एचआरपी हे सिग्नल देणारं एन्झाइम जोडलेल्या दुय्यम अँटीबॉडीत ते कधीही जाऊ देऊ नका, एन्झाइम बंद पडतं आणि ब्लॉट कोरा येतो.

सकाळी दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश. शेळीची अँटी-माऊस आयजीजी एचआरपी १:५००० ते १:१०,०००, एक तास. पुन्हा तीन वॉश, ईसीएल (एचआरपीमुळे चमकणारं द्रावण), फोटो. आधी दहा सेकंदांचा, मग अर्ध्या मिनिटाचा, मग दोन मिनिटांचा. बँड पांढराफटक पडला किंवा मधेच तपकिरी झाला तर दुय्यम अँटीबॉडी फार झालीय.

५० ते ५५ किलोडाल्टनच्या दरम्यान दिसतं ते पी५३ च असतं का

हा भाग सावकाश वाचा. थीसिसमधले बहुतेक चुकीचे निष्कर्ष इथं जन्म घेतात.

पी५३ मध्ये ३९३ अमिनो आम्लं आहेत आणि त्याचं खरं वजन साधारण ४४ किलोडाल्टन. प्रोलीनचं प्रमाण जास्त असलेल्या भागामुळे ते जेलमध्ये हळू सरकतं आणि ५३ च्या जागी दिसतं, नाव त्यावरूनच पडलं. आता अडचण अशी की अँटीबॉडीची जड साखळी जवळजवळ तिथंच, ५० च्या आसपास येते. हलकी साखळी २५ ला.

पेशींच्या लायसेटमध्ये हा प्रश्न येत नाही, तिथं अँटीबॉडी नसतेच. पण गाठीच्या तुकड्यापासून लायसेट बनवलं तर त्यात रुग्णाचं रक्त आणि त्यातली माणसाची आयजीजी येते. स्वस्तातली अँटी-माऊस दुय्यम अँटीबॉडी माणसाच्या आयजीजीलाही थोडीफार चिकटते. मग ५० ला एक जाड पट्टा येतो आणि तो पी५३ समजला जातो. उंदरात वाढवलेल्या गाठींत तर उंदराचीच आयजीजी असते, तिथं दुय्यम अँटीबॉडी सरळ तिलाच पकडते. इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये (अँटीबॉडीनं प्रोटीन लायसेटमधून ओढून काढताना) तुम्ही स्वतःच डीओ-१ घातलेली असते, तीच उकळून जेलवर येते.

ओळखायची खूण सोपी: एक मेंब्रेन फक्त दुय्यम अँटीबॉडीत टाका, प्राथमिक घालूच नका. पट्टा तरीही आला तर तो पी५३ नाही. त्यावर उपाय असे. गाठीचा तुकडा लायसेटआधी थंड पीबीएसमध्ये रक्त जाईपर्यंत धुवा. माणसाच्या सीरमवर शोषून शुद्ध केलेली दुय्यम अँटीबॉडी मागवा, कॅटलॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. इम्युनोप्रेसिपिटेशन उंदराच्या अँटीबॉडीनं केलं असेल तर ब्लॉट सशाच्या अँटीबॉडीनं करा, किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम घ्या, म्हणजे पट्टा २५ ला जातो आणि ५३ ची जागा मोकळी होते.

लोडिंग कंट्रोलही (सगळ्या लेनमध्ये माल सारखा आहे हे दाखवणारं प्रोटीन) याच कारणानं विचार करून निवडा. बीटा-ॲक्टिनचा प्रसिद्ध एसी-१५ क्लोन उंदराचाच आहे आणि ॲक्टिन ४२ ला येतं. ५३ आणि ४२ च्या मधून मेंब्रेन कापायला हात फार स्थिर लागतो, आणि न कापता दुसऱ्यांदा प्रोब केलं तर पी५३ चा जुना सिग्नल तसाच दिसत राहतो. मी जीएपीडीएच या प्रोटीनची सशाची अँटीबॉडी घ्यायला सांगतो, किंवा ११७ ला येणारं व्हिन्क्युलिन. व्हिन्क्युलिनसाठी मेंब्रेन ७५ च्या मार्करवर निर्धास्त कापता येतं.

गाठीच्या ब्लॉकवर

टिश्यूला हात लावण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची संमती. संमतीपत्र मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत छापा. चिकोडीच्या एखाद्या आजोबांना घरची मराठी वाचता येते, त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या अज्जींना कन्नडच. त्यांना कळेल असं समजावून, प्रश्न विचारायला वेळ देऊन सही किंवा अंगठा घ्या. आणखी एक, ही बाटली संशोधनापुरती आहे. तिच्यावरून निघालेला निष्कर्ष रुग्णाच्या रिपोर्टमध्ये जाता कामा नये, डॉक्टरांनी आग्रह केला तरीही.

ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, कुठून आलाय ते विचारा. न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये एक-दोन दिवस राहिलेला तुकडा चांगला. साध्या फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर पडून राहिलेल्या तुकड्यात एपिटोप झाकला जातो, शिवाय आम्लामुळे काळपट-तपकिरी कण तयार होतात आणि ते डीएबी या स्टेनिंगच्या तपकिरी रंगासारखेच दिसतात. न रंगवलेली एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघितली की ते कण लगेच ओळखू येतात.

४ मायक्रॉनचे काप, पॉली-एल-लायसिन लावलेल्या स्लाइडवर, ६० अंशांवर एक तास. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत काप नीट वाळत नाहीत आणि कुकरमध्ये सुटून येतात, म्हणून जून ते सप्टेंबर रात्रभर ३७ अंशांवर वाळवून मग ६० ला ठेवा. झायलीन, उतरत्या क्रमानं अल्कोहोल, पाणी. एपिटोप उघडण्यासाठी ट्रिस-ईडीटीए पीएच ९ किंवा सायट्रेट पीएच ६, प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर २-३ मिनिटं. दोन्ही बफर एकदा करून बघा आणि मग एकच कायम ठेवा. त्याच बफरमध्ये २० मिनिटं निवू द्या, नळाखाली धरू नका. ३% हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, प्रोटीन ब्लॉक, मग डीओ-१ १:१०० पासून सुरू करून टायट्रेशन. पॉलिमर किट, डीएबी ३ ते ५ मिनिटं, हिमॅटॉक्सिलिन, डीपीएक्स. सगळ्या स्लाइडना डीएबीचा वेळ सेकंदापर्यंत सारखा.

वाचन करताना आधी केंद्रकं बघा. पी५३ चा रंग केंद्रकात हवा. केरॅटिनच्या थरात किंवा कापाच्या कडेला आलेला तपकिरी रंग मोजायचा नाही. निरोगी श्लेष्मल त्वचेत तळाच्या थरात विखुरलेली, फिकट-मध्यम रंगलेली केंद्रकं दिसतात, ते सामान्य पी५३. गाठीत बहुतेक सगळी केंद्रकं गडद असतील तर बहुधा एका अमिनो आम्लाची अदलाबदल झालेलं, न तुटणारं पी५३ साचलंय. आणि गाठीत रंग अजिबात नाही, तर तेही बिघाडाचं लक्षण असू शकतं, कारण जनुक अर्धवट तुटलं की प्रोटीनच बनत नाही. मात्र हे म्हणण्याआधी त्याच स्लाइडवरच्या लिंफोसाइट आणि फायब्रोब्लास्टमध्ये फिकट रंग दिसलाच पाहिजे. तोही नसेल तर स्टेनिंग फसलंय, ती स्लाइड परत करा. निव्वळ पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असे दोनच रकाने केले तर बिघाडाचा हा दुसरा प्रकार सामान्यांत मोजला जातो. एचपीव्हीशी संबंध नसलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये टीपी५३ (पी५३ चं जनुक) हे सर्वांत जास्त वेळा बिघडणारं जनुक आहे, तेव्हा तक्त्यात तीन रकाने ठेवा: सामान्य, गडद, रंग अजिबात नाही.

वहीत आणि थीसिसमध्ये

मेथड्समध्ये नुसतं पी५३ अँटीबॉडी वापरली असं लिहू नका. क्लोन, कुठल्या प्राण्याची, आयसोटाइप, कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी (अँटीबॉडीचा सर्वमान्य ओळख क्रमांक), प्रमाण आणि मिलीलीटरला किती मायक्रोग्रॅम, किती वेळ, किती अंशांवर, दुय्यम अँटीबॉडीची तेवढीच माहिती, आणि कंट्रोल कोणते. ब्लॉट कापून-छाटून फक्त एक बँड छापला असेल तर पूर्ण मेंब्रेनचा, मार्करसकट फोटो परिशिष्टात द्या. निगेटिव्ह लेनही छापा.

नवा लॉट आला की जुन्या लॉटचे निदान दोन भाग शिल्लक असताना दोन्ही शेजारीशेजारी चालवा, त्याच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह लायसेटवर, त्याच दिवशी. फरक पडला तर टायट्रेशन पुन्हा करा, आणि कुठल्या तारखेपासून कुठला लॉट सुरू झाला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.